नकोची यादी

श्रेया धुरी नक्की काय काम करते, हे डिलाईल रोडच्या तिच्या चाळीत कुणालाच धड सांगता येत नाही. "मोबाईलमधलं काहीतरी करते," असं शेजारणी म्हणतात, आणि तेही काही खोटं नाही. दादरच्या एका छोट्या कंपनीत ती ॲपचं डिझाईन करते. कुठलं बटण कुठे, कुठला प्रश्न आधी, कुठला नंतर. शाळेत चित्रकलेत पहिली यायची, पुढे कमर्शियल आर्ट शिकली, आणि बत्तिसाव्या वर्षी तिच्या वाट्याला पहिलं मोठं काम आलं: सगळ्यांनी मिळून सिनेमा ठरवायचं ॲप. चौघं बसली की चार तोंडं चार दिशांना, अर्धा तास वाद, आणि शेवटी जो तो आपापल्या मोबाईलमध्ये डोकं घालून मोकळा. कुठल्या घरात होत नाही हे?

पण हे काम तिने नुसतं कंपनीसाठी अंगावर घेतलं, असं कुणी म्हणेल तर ते अर्धंच खरं. तिचा धाकटा भाऊ अभय मोटारसायकलच्या अपघातात गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून आई-बाबा एकमेकांजवळ बसत नव्हते. सीताराम गॅलरीत खुर्ची टाकून, राधाबाई स्वयंपाकाच्या ओट्यापाशी. "जेवायला वाढलंय", "गोळी घेतलीत का", यापलीकडे शब्द नाही. भांडण असतं तर परवडलं असतं हो, भांडण मिटवता तरी येतं! गाडी सीतारामांनी घेऊन दिली होती. बायको मनातून आपल्यालाच दोष देते, असं त्यांनी धरून ठेवलेलं, आणि राधाबाई तोंडातून ब्र काढत नव्हत्या. श्रेयाला एवढंच हवं होतं, की दोघांनी पुन्हा दिवाणावर शेजारी बसावं. निदान दोन तास, निदान एका सिनेमापुरतं.

म्हणून पहिली चाचणी तिने घरीच घेतली. रविवारी दुपारी दोघांच्या हातात मोबाईल दिले. सिनेमांची चित्रं पुढे येत जायची, आवडेल त्यावर बदाम दाबायचा. लेकीचं मन राखायला दोघांनी मुकाट्याने बदाम दाबले. ॲपने एक विनोदी सिनेमा काढून दिला आणि वर लिहिलं, 'आवड जुळली, ब्याण्णव टक्के'. दोघं दिवाणाच्या दोन टोकांना बसलीसुद्धा. श्रेयाचा जीव भांड्यात पडला. कसलं काय! विसाव्या मिनिटाला हिरोचा मित्र मोटारसायकलवरून घसरला, शेणाच्या ढिगात पडला, आणि मागे हशा पिकला. राधाबाई उठल्या, आत गेल्या आणि भरलेल्याच कळशीत पाणी ओतू लागल्या. सीतारामांनी टीव्ही बंद केला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं श्रेयाला झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सीताराम चहाचा कप घेऊन तिच्यासमोर येऊन बसले.

"बाय, तू उलटाच इचारतंस."

"म्हणजे काय, बाबा?"

"आपल्या मंडळाच्या पूजेला मैदानात पडदा लावून सिनेमा असायचा. कुठला आणायचा, ते माझ्याकडे होतं. ऐंशी बिऱ्हाडं! पण काय हवं, असं मी कुणाला कधी विचारलं नाही. हवं विचारलं की जो मोठ्याने ओरडतो त्याचंच चालतं. मी दारोदार जायचो आणि एकच विचारायचो, नको काय? गिरणी संपाच्या वेळी एकाने गळफास लावून घेतलेला. त्याची बायको दारातूनच म्हणाली, फास नको. एकीची पोर पळून गेलेली, ती म्हणाली, लग्नाचा नको. मी लिहून घ्यायचो. कोण बोललं, ते कमिटीलासुद्धा सांगायचो नाही. मग जो उरेल तो आणायचा. मैदानातून मध्येच उठून कुणी गेलं नाही कधी."

एवढी वाक्यं ते दोन वर्षांत एका दमात बोलले नव्हते. श्रेयाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आपण एवढं शिकून हे आपल्याला सुचलं नाही याचा रागही आला.

ऑफिसात तिने नवी मांडणी दाखवली. पहिलाच प्रश्न: 'आज काय नको?' ज्याने त्याने लिहायचं. यादी सगळ्यांना दिसणार, नाव कुणाचंच नाही. तिचा साहेब मयूर वैतागला.

"अगं, लोक मजा करायला ॲप उघडतात. तू त्यांना सुतक कशाला आठवायला लावतेस?"

"ज्याच्या घरात सुतक आहे, त्याला आठवण करून द्यावी लागत नाही," ती म्हणाली.

मयूरने मांडणी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली. मग म्हणाला, "ठीक आहे, करून तर बघ."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच घर, तीच दोन माणसं. सीताराम दिवाणावर बसून एका बोटाने टाईप करत होते. राधाबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून लिहीत होत्या, बराच वेळ. दोघांचं झालं आणि दोन्ही मोबाईलवर यादी उमटली. त्याच क्षणी श्रेयाच्या ध्यानात आलं. ऐंशी बिऱ्हाडांत नाव लपतं, दोघांत कसं लपणार? एक ओळ आपली, तर दुसरी कुणाची? एवढी शिकली-सवरलेली पोर, आणि इतक्या साध्या गोष्टीत चुकली! आईच्या हातातला मोबाईल काढून घ्यायला ती धावली. पण आईचं वाचून झालं होतं.

यादीत दोनच ओळी होत्या.

'मुलाला हाका मारणारी आई नको. तिला सोसणार नाही.'

'मुलाला खांदा देणारा बाप नको. ह्यांना बघवणार नाही.'

स्वतःसाठी दोघांनीही काही मागितलं नव्हतं. सीतारामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ती दुसरी ओळ परत वाचली. राधाबाई ओट्यापासून निघाल्या आणि सरळ येऊन त्यांच्या शेजारी बसल्या.

"मी तुम्हाला बोल लावते, असं वाटतं तुम्हाला?"

सीतारामांनी मोबाईल दिवाणावर उपडा ठेवला.

"अहो, अभयला गाडी घेऊन द्या म्हणून तुमच्या मागे कोण लागलं होतं? मीच ना? तुम्ही नको म्हणत होतात. दहा वेळा म्हणालात नको. मीच ऐकलं नाही."

"अगो राधा..." एवढंच सीतारामांच्या तोंडून निघालं, आणि पोराच्या तेराव्यालाही न रडलेला तो माणूस बायकोच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडला. राधाबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. श्रेयाने दोन्ही मोबाईल उचलून कपाटावर ठेवले आणि त्यांच्या पायाशी येऊन बसली. सिनेमा त्या दिवशी लागलाच नाही.