जुम्म्याच्या जेवणानंतर अमेरिका

जेद्द्यातली कोकणी माणसं जुम्म्याची नमाज झाली की कुणाच्या तरी घरी जेवायला जमतात, आणि जेवण झालं की बोलायला बसतात. आता बोलायचं कशावर, हा मोठा प्रश्न असतो. ज्या देशाचं मीठ खातो त्याच्या कारभारावर पाहुण्यानं बोलू नये, हे इथं इकामा, म्हणजे राहायचा परवाना, हातात पडतो त्या दिवशीच अंगवळणी पडतं. हिंदुस्थानच्या राजकारणावर बोलावं, तर जेवण पचायच्या आत दोन मित्र एकमेकांचं तोंड बघेनासे होतात. राहिली अमेरिका. अमेरिकेला शिव्या घालायला इकामा लागत नाही.

या मैदानातला सगळ्यात जुना गडी म्हणजे हुसेनमियाँ. गाव बाणकोटच्या खाडीकाठचं, वय साठीला टेकलेलं, नोकरी बंदराजवळच्या दुकानात. जहाजांना लागणारे दोर, साखळ्या आणि रंग विकता विकता त्यांची हयात गेली. बुटके, गोल, नाकावर घसरणारा चष्मा आणि आवाज असा की शेजारच्या इमारतीतल्या सुदानी बाईनं खिडकी लावून घ्यावी.

अमेरिकेचा नाद त्यांना लागला तो ऐन पंचविशीत. तेव्हा ते खोबर शहरात एका धुलाईच्या कारखान्यात होते आणि कुवेतच्या लढाईसाठी आलेल्या अमेरिकन सैनिकांचे कपडे तिथं धुवायला येत. एक दिवस एका लालबुंद पोरानं कपडे घेता घेता आपल्याच राष्ट्राध्यक्षाला चारचौघांत मूर्ख म्हटलं. शेजारी त्याचा साहेब उभा होता. हुसेनमियाँना वाटलं, आता या पोराचं काही खरं नाही. साहेबानं नुसती जांभई दिली आणि म्हणाला, चल, उशीर होतोय. हुसेनमियाँ त्या दिवशी जे थक्क झाले ते आजतागायत थक्कच आहेत. "तो देश मोठा आहे तो बॉम्बमुळे नाय," ते सांगतात, "त्या जांभईमुळे हाय."

म्हणूनच अमेरिकेचे आत्ताचे राज्यकर्ते त्यांच्या डोळ्यांत सलतात. जुम्म्याचं जेवण झालं, हात धुतले, सुलेमानी चहाचा पेला पुढ्यात आला, की ते सुरू होत. आमच्या पोरांना हातापायांत बेड्या घालून विमानातून परत पाठवलं, ही काय रीत झाली? हिंदुस्थानच्या मालावर एवढा कर लादला, तर आमच्या किनाऱ्यावरच्या कोळंबीवाल्यानं खायचं काय? गरीब देशांतल्या आजारी माणसांच्या औषधाचे पैसे एका सहीत बंद केले, आणि वर छाती पुढे काढून फोटो! एका हातानं बॉम्ब द्यायचे आणि दुसऱ्या हातानं शांततेचं बक्षीस मागायचं, ह्याला लाज म्हणतात काय? शेवटचं वाक्य ठरलेलं असे, "तिथल्या विरोधी निळ्या पक्षाचं राज्य असतं तर हे झालंच नसतं."

इथं गोपीनाथ त्यांना बरोबर पकडत. गोपीनाथ सांगलीचे, इस्पितळात एक्सरे काढतात, आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे भक्त. हिंदू माणूस जुम्म्याच्या जेवणाला कसा, असं कुणी विचारत नाही. हुसेनमियाँच्या बायकोच्या, रुकय्याच्या हातची सांदणं एकदा खाल्ली की माणूस दर आठवड्याला येतोच.

"मियाँ, निळ्यांच्या राज्यात बॉम्ब जात नव्हते काय?" गोपीनाथ विचारत. "जात होते. परत पाठवणं त्यांच्याही राज्यात होतं. हा निदान बोलतो ते करतो. गडी दमदार आहे."

"दमदार तर आमच्या गावचा रेडा पण हाय. त्याला कोण सरपंच करत नाय."

सगळे हसत, हुसेनमियाँ जिंकल्यासारखे चहा पीत आणि मुद्दा तसाच राही. हे भाषण ते फोनवर चित्रितही करत. फोन मुलीनं दिलेला. आखाती घरांत फोन असाच फिरतो, नवा आला की जुना घरातल्या दुसऱ्याला मिळतो, आणि आतलं खातं बदलावं हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. शिकायला पुण्याला जाताना तबस्सुमनं आपला फोन अब्बांच्या हातात ठेवला होता. हुसेनमियाँना त्यातली दोनच बटणं ठाऊक. एक लाल, बोलायला लागण्याआधी दाबायचं. दुसरं निळं, बोलून झाल्यावर. निळं बटण दाबलं की भाषण जगात जातं, एवढी त्यांची समज होती. जगात म्हणजे गावाकडे, कुवेतमधल्या साडूकडे आणि गोपीनाथांकडे.

तबस्सुम त्यांची एकुलती एक. जन्म जेद्द्यातला, शाळा इथलीच, पुण्याहून नर्सिंग करून आली आणि इथल्या एका खाजगी इस्पितळात लागली. तिला सार्वजनिक आरोग्य शिकायचं होतं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं प्रवेश दिला, शिष्यवृत्ती दिली. त्या दिवशी हुसेनमियाँनी दुकानातल्या येमेनी हमालापासून कफीलपर्यंत, म्हणजे मालकापर्यंत, सगळ्यांना रव्याचा गोड बसबूसा वाटला. शिव्या अमेरिकेला आणि पोरगी अमेरिकेला, असं गोपीनाथांनी चिडवलं तेव्हा ते म्हणाले, "शिव्या राज्यकर्त्यांना, पोरगी देशाला. फरक कळत नाय काय तुम्हाला?"

व्हिसाच्या मुलाखतीच्या आदल्या जुम्म्याला तबस्सुमही जेवायला घरी होती. बोलता बोलता तिनं सांगितलं की हल्ली विद्यार्थ्यांना आपली सगळी खाती उघडी ठेवावी लागतात. कुठं काय लिहिलंय, काय बोललंय, ते बघतात. "माझं काय आहे? इस्पितळातल्या पार्टीचे फोटो," ती हसली.

गोपीनाथांचा घास हातातच राहिला. "तबस्सुम," ते म्हणाले, "तुझ्या अब्बांचं भाषण मी ज्या चॅनलवर बघतो त्याचं नाव 'तबस्सुम्स केक्स' आहे. मला वाटलं होतं, मियाँनी लाडानं ठेवलंय."

तबस्सुमनं फोन काढला. शाळेत असताना तिनं हौसेनं केलेलं ते चॅनल, वर वेण्या घातलेला तिचा फोटो. पहिली तीन चित्रणं ओव्हनशिवाय केक कसा करावा याची. त्यानंतर सलग, बनियनवर बसलेले हुसेनमियाँ आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची यथेच्छ धुलाई. सगळी तबस्सुमच्या नावावर. तिची समजूत होती की अब्बा गावाच्या ग्रुपवर टाकतात.

"तुमच्या जिभेला हाड नाय, हे मी लग्न झाल्यापासून सांगतेय," रुकय्या म्हणाली आणि आत जाऊन रडली.

हुसेनमियाँचा चेहरा उतरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्याच आवाजाची भीती वाटली. आपण अमेरिकेला झोडपत होतो आणि वळ उठणार होते पोरीच्या पाठीवर. "पूस सगळा," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता पूस गो."

"नाही पुसणार."

"अगं, तुझा प्रवेश हाय!"

"मुलाखतीच्या तोंडावर पुसलं तर जास्तच वाईट दिसेल, ते एक. आणि दुसरं, तुम्ही खोटं बोललात का, अब्बा?"

"खोटं नाय."

"मग?"

"मग काय? खरं बोलायची हौस माझी, कॉलेज तुझं! माझ्या हौसेचा भुर्दंड तू का भरतेस?"

गोपीनाथही त्यांच्याच बाजूनं बोलले. हे दोघं एका बाजूला, असं याआधी कधी घडलं नव्हतं. तबस्सुम मात्र हटेना. बापाचा हट्ट लेकीत उतरला होता, तक्रार करायची कुणाकडे?

शेवटी हुसेनमियाँनी एक तोड काढली. तिला समोर बसवलं आणि म्हणाले, "बरं, पुसू नको. पण विचारलं तर सांग, माझा बाप अडाणी हाय. म्हातारपणी डोक्यावर परिणाम झालाय, काय बोलतो त्याचं त्याला कळत नाय. एवढं सांग, बाकी काय नको. म्हण बघू एकदा."

तबस्सुम म्हणेना. त्यांनी स्वतःच ते वाक्य मोडक्यातोडक्या इंग्रजीत जुळवलं आणि पुढचे सगळे दिवस, चहा देताना, गाडीत बसताना, तिला ऐकवत राहिले. माय फादर इज नॉट नॉर्मल. स्वतःच्या मूर्खपणाची अशी उजळणी करणारा बाप अख्ख्या जेद्द्यात दुसरा नसेल. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. पोरगी विमानात बसली पाहिजे, त्यापुढे अब्रू म्हणजे काय मोठी गोष्ट?

मुलाखतीच्या दिवशी ते वकिलातीपासून बऱ्याच लांब, एका पेट्रोल पंपावर गाडीत बसून राहिले. जवळ गेलो तर कॅमेऱ्यात आपला चेहरा ओळखतील, अशी त्यांना खात्री होती. तबस्सुम आली तेव्हा ते एवढंच विचारू शकले, "विचारलं?"

"विचारलं. पासपोर्ट ठेवून घेतलाय. अजून तपासणी करणार आहेत."

"आणि तू सांगितलंस?"

"सांगितलं," ती म्हणाली आणि पट्टा लावून खिडकीबाहेर बघू लागली. त्यांनी पुढं विचारलं नाही. पोरीला तोंडानं बापाला वेडा म्हणावं लागलं, आता पुन्हा तेच तिच्याकडून वदवून कशाला घ्यायचं?

त्यानंतरचे जुम्मे मुके गेले. गोपीनाथ मुद्दाम राष्ट्राध्यक्षांचं कौतुक करून बघत, हुसेनमियाँ नुसते चहा ढवळत. फोनवरचं लाल बटण त्यांनी पुन्हा दाबलं नाही. दुकानात दोर मोजतानाही गप्प. रुकय्याला ती शांतता सोसवेना. तिनं एकदा स्वतःच बातम्या लावल्या, तर त्यांनी उठून बंद केल्या.

आणि मग पासपोर्ट आला. आत व्हिसा होता.

त्या जुम्म्याला घरात पाय ठेवायला जागा नव्हती. हुसेनमियाँना कंठ फुटला. "बघा गोपीनाथ," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वेडा बाप कामाला आला! माझ्या पोरीनं सायबाला सांगितला, बापाचं डोकं फिरलंय. सायबानं व्हिसा दिला. आजपासून मी सरकारमान्य वेडा!" माणसं पोट धरून हसली. ते स्वतः सगळ्यात मोठ्यानं हसले, पण चष्म्याआडचे डोळे काही हसत नव्हते.

तबस्सुम सांदणांचं ताट घेऊन उभी होती. तिनं ते खाली ठेवलं. "अब्बा, मी तसं म्हणाले नाही."

"मग काय म्हणालीस?"

"त्यांनी विचारलं, हे चॅनल तुझं आहे का. मी म्हटलं, नाव माझं, आवाज माझ्या वडिलांचा. त्यांनी विचारलं, ते काय म्हणतायत. मी बेड्यांवरचं ते भाषण सगळं इंग्रजीत सांगितलं. एक शब्द गाळला नाही."

"रेड्याचा पण?" गोपीनाथांच्या तोंडून निसटलं.

"तो बेड्यांच्या भाषणात नव्हता, काका. मग त्यांनी विचारलं, तुझे वडील काय करतात. मी म्हटलं, दोर विकतात, आणि माझ्या ओळखीतले सगळ्यात शहाणे गृहस्थ आहेत. त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही, पण बेड्यांचं पटतं."

रुकय्यानं पदर तोंडाला लावला. हुसेनमियाँ लेकीकडे बघत राहिले. हातातून जाऊ शकलं असतं ते सगळं, कॉलेज, शिष्यवृत्ती, तिची इतकी वर्षं, त्या काचेपलीकडच्या माणसासमोर तिनं पणाला लावलं होतं. एक वाक्य म्हणायचं होतं, तेही बापानं स्वतः पढवलेलं. ते तिनं म्हटलं नव्हतं.

"मियाँ," गोपीनाथ घसा खाकरून म्हणाले, "राष्ट्राध्यक्षांबद्दल माझं मत आहे तेच आहे. पण पोरीनं मान उंच केली हो."

"तुमची का?" हुसेनमियाँ म्हणाले. आवाज पुन्हा पूर्वीच्या पट्टीत गेला होता आणि डोळ्यांतून खुशाल पाणी वाहत होतं, ते पुसायच्या भानगडीत ते पडले नाहीत. "मान माझी उंच झाली. अख्ख्या अमेरिकेत मला काळं कुत्रं ओळखत नाय. पण त्यांच्या एका सायबाला माझी पोरगी तोंडावर सांगून आली, की माझा बाप शहाणा हाय. आणि त्यानं ऐकून घेतला!"