पहिला मजला माझा

मुलाने अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला घर घेतलं तेव्हा मी साठीची होते. म्हणजे आजच्या मानाने पोरगीच, आणि अक्कलही पोरीएवढीच. फोनवर तो म्हणाला, "आई, तुझी खोली फर्स्ट फ्लोअरवर ठेवलीय." झालं! मी पुण्यातल्या सगळ्या सोसायटीत सांगत सुटले.

मला कळत होतं ना सगळं! एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे ट्रेस करण्यात माझी हयात गेलेली. मुलाच्या बिल्डरने घराच्या त्या नमुन्याला 'जॉर्जियन' नाव दिलं होतं. आता अठराव्या शतकातल्या इंग्लिश श्रीमंतांची शहरातली हवेली कशी असायची, हे साहेबांची पुस्तकं चाळून मला तोंडपाठ. दार बरोबर मध्ये, दोन्हीकडे खिडक्या सारख्या. स्वयंपाकघर नि नोकरमाणसं तळघरात. खरा थाट पहिल्या मजल्यावर, जिना चढून गेलं की. दिवाणखाना तिथे, उंच छत तिथे. मुलाने पाठवलेल्या फोटोतही दाराच्या वर कमानीची तिहेरी खिडकी दिसत होती. ती माझीच, असं मी ठरवूनही टाकलं. नुसत्या अंदाजाने तिच्यासाठी क्रोशाचा पडदा विणला बाईसाहेबांनी!

येऊन बघते तर घराला पुढून विटा आणि बाजूंनी प्लास्टिकच्या पट्ट्या. तोंडाला पावडर, मान तशीच. आणि माझी खोली खाली, गॅरेजला चिकटून.

"हा तर तळमजला," मी म्हटलं.

"अगं, इथे यालाच फर्स्ट फ्लोअर म्हणतात."

"आणि वरच्याला?"

"सेकंड."

उभ्या उभ्या माझी हवेली एक मजला खचली.

वर जाऊन पाहिलं, तर त्या कमानीच्या खिडकीमागे खोलीच नव्हती. जिना संपतो तिथली रिकामी जागा, आणि सुनेने ठेवलेलं खोटं झाड. दुसऱ्या दिवशी मी ते झाड गॅरेजशेजारच्या खोलीत पाठवलं आणि जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची खिडकीशी ओढत नेली.

संध्याकाळी मुलगा खालूनच ओरडला, "आई, गुडघे बघ जरा! खाली बाथरूम जवळ, किचन जवळ. तुझ्यासाठीच ठेवली ना ती खोली?"

"माझ्यासाठी, पण मला न विचारता."

"ते लँडिंग आहे गं. तिथे कोणी बसत नाही."

"मी बसलेय की."

सून म्हणाली, "आई, पाहुणे आल्यावर तुम्ही अशा वर एकट्या... ऑड दिसेल हो."

"दिसू दे. रस्त्यावरची सगळी घरं एकसारखी. खिडकीत म्हातारी दिसली की पाहुण्यांना आपलं सापडेल."

"आणि जिन्यावरून पडलीस म्हणजे?" मुलाचा आवाज चढला, मग एकदम उतरला.

"पडले तर माझ्या पायांनी पडेन. खाली मात्र बसणार नाही."

पडदा त्या खिडकीला अर्धासुद्धा पुरला नाही. तो खालच्या खोलीत लावला. झाडाला ऊन नको लागायला.

शनिवारी सकाळी ड्रिलचा आवाज आला. मुलगा जिन्याच्या भिंतीकडच्या बाजूलाही कठडा बसवत होता.

मी वरून म्हटलं, "आता झालं खरं जॉर्जियन. दोन्हीकडे सारखं."

"मग खिडकीशी दुसरी खुर्चीही लागेल," तो स्क्रू पिळत म्हणाला.

"आण की. तिच्यावर कोणाला बसवायचं ते मी ठरवीन."