ताज्या शेणाची गोष्ट

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी गोंदियातल्या आमच्या गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते. "सुनंदाबाई, तुमच्या बाई गेल्या," एवढंच ते बोलले. नळ बंद करायचा राहून गेला. मुलगा खालून ओरडला तेव्हा पाणी जिन्यावर आलं होतं. बाई असत्या तर आधी वाया गेलेल्या पाण्यासाठी रागावल्या असत्या... बाकीचं मग.

बाई म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण, माझी नणंद. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात, म्हणून लग्न होऊन सौंदडला आले तशी मीही बाईच म्हणू लागले. बाईंचे यजमान, आमचे भाऊजी, रेल्वेत होते आणि आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. मागची वाडी फार मोठी नव्हती, पण तिथं रिकामी जागा शोधून सापडली नसती. वांगी, टमाटर, सांभार म्हणजे कोथिंबीर, कुंपणावर वालाच्या शेंगा आणि प्रत्येक वाफ्याच्या टोकाला एक गावठी गुलाब. शोभेसाठी नाही हं. "मावा पयले गुलाबावर येते," त्या म्हणायच्या, "तो दिसला का समजाचं, आता वांग्याचा नंबर." मग निंबोळीचा अर्क, आंबट ताक, लसूण-मिरचीचं पाणी असं एकेक बाहेर निघायचं. दुकानातल्या औषधाची बाटली त्यांच्या फाटकाच्या आत कधी आली नाही. जीभ मात्र फार तिखट. कुणाचा रोपावर पाय पडला की आठवडाभर त्याचा उद्धार चालायचा. मला सासूबाईंपेक्षा बाईंचीच जास्त धास्ती. तरी दुपारची कामं आटोपली की माझे पाय वाडीकडेच वळायचे. सालेकशाच्या जंगलातून आलेल्या मुलीला त्या नव्या गावात तेवढीच जागा ओळखीची वाटत होती.

मी आले त्याच वर्षी बाईंनी गांडुळं आणली. गोंदियाला शेतीच्या एका शिबिरात त्यांना ती मिळाली होती. ओलं पोतं मांडीवर घेऊन त्या पॅसेंजरमध्ये बसल्या. शेजारी बसलेल्या एकीनं विचारलं, "क्या है इसमें?" बाईंनी पोत्याचं तोंड उघडून दाखवलं. त्यानंतर सौंदड येईपर्यंत अख्खं बाकडं आपल्या एकटीचं होतं, हे त्या पुढे कितीतरी वर्षं हसत सांगायच्या. मागच्या भिंतीशी भाऊजींनी विटांचं टाकं बांधून दिलं. त्यात भाताचं वाळलं तणीस, पालापाचोळा, जुनं शेण असे थर लावून बाईंनी गांडुळं सोडली. रोज सकाळी चहाच्या आधी जायच्या, तणीस उचलून पाहायच्या. "उठले का माहे लेकरं?" त्यांना मूल नव्हतं. पण त्या शब्दांत मला कधी दुःख ऐकू आलं नाही, नुसतं कौतुक असायचं.

दोनेक महिन्यांनी बिरसीला लग्न निघालं आणि बाई आणि भाऊजी तीन दिवसांसाठी गेले. जाताना बाईंनी बजावलं, "सकार-संध्याकार पानी शिंपड. दुसरं काई करू नोको." पण मला काहीतरी करायचंच होतं. परत आल्यावर बाईंनी म्हणावं, सुनंदाला बी कळते. त्याच सुमारास माझ्या भावानं माहेरून टोरीची ढेप पाठवली होती. मोहाच्या बिया, म्हणजे टोरी, घाण्यातून काढल्या की तेल निघतं आणि मागे ढेप उरते. माझे बाबा ती भाजीच्या वाफ्यात घालायचे. मी ती कुटून डब्यात भरली, डबा घेऊन वाडीत गेले, सगळी ढेप टाक्यात कालवली आणि वरून भरपूर पाणी मारलं. जंगलातली वस्तू, तिच्यानं काय वाईट होणार! खरं तर आमच्या गावाला हीच ढेप डोहात टाकली की मासे पोट वर करून तरंगायला लागतात, हे मी लहानपणी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. पण मासा पाण्यातला आणि गांडूळ मातीतलं... दोघांची सांगड त्या दिवशी काही केल्या माझ्या डोक्यात आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तणीस उचललं तर गांडुळं सगळी वर आलेली. काही वळवळत होती, बरीचशी थंड पडली होती. मी तणीस तसंच ठेवून घरी पळाले आणि कुणालाही काही बोलले नाही.

बाई आल्या, कपडेही न बदलता वाडीत गेल्या आणि बराच वेळ टाक्याशी बसून राहिल्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. आता आवाज चढेल, मग चढेल, म्हणून जीव मुठीत धरून उभी होते. आवाज चढला नाही. संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन त्या सासूबाईंना म्हणाल्या, "माहीच चूक. जाताना ताजं शेन टाकून गेली. उष्णतेनं मेले सारे." सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, किडे गेले. मी परातीतलं पीठ मळत राहिले. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले.

चार दिवसांनी सासूबाईंच्या ध्यानात आलं की माझ्या लग्नातल्या डब्याचं झाकण दिसत नाही. बाबांनी डब्यावर आणि झाकणावरही माझं नाव घालून घेतलेलं. मी घरभर शोधलं. बाई तिथंच शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वानरानं नेलं असन." तो विषय तिथंच संपला. तेव्हापासून त्या डब्यावर मी ताटली झाकत आले.

बाईंनी पुन्हा गांडुळं आणली, ती वाढली, आणि आजूबाजूच्या गावांतल्या बाया खत शिकायला येऊ लागल्या. प्रत्येक वेळी सुरुवात ठरलेली. "पयले माही चूक आयका. मी ताजं शेन टाकलं न सारे गांडूळ मेले." इतक्या वर्षांत ती गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन, आणि दर वेळी चहाचा ट्रे ठेवून मी आत निघून जायचे. वाफ्यातल्या कामातली प्रत्येक गोष्ट बाईंनी मला शिकवली, आणि मी त्यांना साधं खरं सांगू शकत नव्हते.

पुढे आम्ही गोंदियाला राहायला आलो. शेवटची भेट झाली तेव्हा सांगायचंच असं ठरवून गेले होते. बाई खाटेवर होत्या, खूप वाळल्या होत्या. मी हात धरून म्हटलं, "बाई, ती गांडुळं पहिल्यांदा मेली होती ना..." त्यांनी डोळे उघडले. "गुलाबावर मावा आला का पाहून ये," म्हणाल्या. मी उठून गेले. मावा नव्हता. परत आले तर त्यांना झोप लागली होती.

तेरवी झाल्यावर भाऊजींनी मला वाडीत बोलावलं. टाक्याशेजारच्या विटांआडून एक झाकण काढून माझ्या हातात दिलं. शेण उचलून उचलून कडा झिजलेल्या, पण मधलं नाव स्वच्छ वाचता येत होतं. सुनंदा.

"तुमी नसल्या का याच्यानंच शेन टाके ती," भाऊजी म्हणाले. "लग्नाहून आलो न टाकं उपसलं, तवाच सापडलं होतं. ढेपेचा वास तर हाताले येऊन राहिला होता. मी म्हटलं, देऊन टाक तिचं तिले. त म्हने, देलं त समजन तिले, न लाजंनं वाडीत येनं बंद करन. गांडूळ काय, पुन्हा आनता येते."

मी तिथंच वाफ्याच्या कडेला बसले आणि रडले. भाऊजी पाठ फिरवून वालाचा वेल बांधत राहिले.

आता दर रविवारी सकाळच्या गाडीनं सौंदडला जाते. झाकण घरी आणलेलं नाही, डब्यावर अजून ताटलीच आहे. मागच्या रविवारी दोन बाया खत शिकायला आल्या. बाई गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. मी त्यांना टाक्याशी नेलं, तणीस बाजूला केलं, झाकणानं जुनं शेण उचलून पसरलं.

"पहिले माझी चूक ऐका," मी म्हटलं आणि टोरीच्या ढेपेपासून सुरुवात केली.