बिनखिडकीची खोली

वंदूताई मला पहिल्यांदा भेटली ती बॉम्ब शेल्टरमधून बाहेर येताना. सिंगापुरात बुकित पंजांगच्या तिच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्याने मिळेल असं कळलं, म्हणून मी बघायला गेले होते. हाक मारली तर हॉलमध्ये कुणीच नाही. मग स्वयंपाकघराशेजारचं जाडजूड लोखंडी दार सावकाश उघडलं आणि आखूड केसांची, पन्नाशीची एक बाई हातात मोजपट्टी घेऊन बाहेर आली. इथल्या नव्या फ्लॅटांत अशी एक काँक्रीटची खोली असतेच, युद्धबिद्ध झालं तर लपायला. लोक तिच्यात सुटकेसा, कांदे आणि दिवाळीच्या माळा कोंबतात. वंदूताई तिच्यात तांदळाच्या डब्यावर डोळे मिटून बसायची. माझं नाव-गाव न विचारता ती म्हणाली, "आत उभी राहा. मी दार लावतो. काय ऐकू येतं सांग."

मी अंधारात उभी राहिले. बाहेर आल्यावर सांगितलं, काहीच नाही ऐकू आलं.

"मग ये राहायला," ती म्हणाली.

"मी दार लावतो" म्हणणारी बाई मी त्याआधी ऐकली नव्हती. कोल्हापुरात बायका असंच बोलतात, हे ठाऊक होतं. पण अठरा वर्षं सिंगापुरात काढूनही वंदूताईचं ते तसंच राहिलं होतं. मी पुण्याची असल्यामुळे तिला सुधारण्याचा एक क्षीण प्रयत्न करून पाहिला. तिने मला "पुणेकर" अशी हाक मारायला सुरुवात केली आणि तो विषय कायमचा मिटला.

तिचं काम आगीच्या दारांचं. इमारतीत आग लागली तर जी दारं ती अडवून धरतात, ती तपासायची. कुठेही गेलं की तिची नजर आधी दाराच्या फटीकडे. तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये आम्ही डोसा खायला बसायचो तेव्हाही ती गिऱ्हाइकांकडे न बघता मागच्या दाराकडे बघायची. आमच्या मजल्यावरची चिनी आंटी जिन्याचं दार झाडाची कुंडी लावून उघडं ठेवायची, वारा यावा म्हणून. वंदूताई रोज कामावर जाताना ती कुंडी उचलून आंटीच्या दाराशी ठेवायची. "आय्या, नेव्हर माइंड लाह," आंटी म्हणायची आणि दुपारपर्यंत कुंडी परत जिन्यात. दोघींचं हे वर्षानुवर्षं चाललेलं होतं आणि दोघींची त्यावरून मैत्रीही होती. आग थांबवता येत नाही, हे वंदूताईचं आवडतं वाक्य. "आगीपुढं कुणाचं काय चालतंय? आपण नुसता वेळ मागून घ्यायचा. माणसं बाहेर पडंपर्यंतचा."

शेल्टरमध्ये बसून ती काय करते, ते मला हळूहळू कळलं. कोल्हापूरच्या घरी तिला बंदुकांसाठी एक खोली बांधायची होती. तिचे वडील, आबा, आयुष्यभर पोरांना नेमबाजी शिकवत आले. घरात त्यांची एक दुनळी आणि एक रायफल. त्या रायफलीवर वंदूताई स्वतः एके काळी राज्यपातळीवर खेळलेली. दोन्ही शिसवी कपाटात, काचेच्या दाराआड, सगळ्यांना दिसतील अशा. निवडणूक आली की त्या पोलीस चौकीत जमा कराव्या लागत, आणि त्या दिवशी आबा मुलगी सासरी धाडल्यासारखे जेवायचे नाहीत, असं ती सांगायची.

एका रविवारी तिने ती खोली आमच्या हॉलच्या फरशीवर आखली. निळ्या चिकटपट्टीने, खऱ्या मापात. भिंती, दार, बंदुका उभ्या ठेवायची जागा आणि काडतुसांची वेगळी पेटी, कारण बंदूक आणि काडतूस एका जागी ठेवायचं नसतं. खिडकी नाही. भिंत नऊ इंची विटांची, आतून जिप्समचे पत्रे. त्यांच्या पोटात पाणी असतं आणि आग आधी ते पीत बसते. दाराच्या कडेला एक पट्टी, जी उष्णतेने फुगून फट बंद करते. पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून आत कायम एक छोटा दिवा. हे सगळं ती अशा आवाजात सांगायची की मला तो दिवा दिसायला लागायचा.

नंतर कितीतरी महिने आम्ही त्या खोलीसोबत राहिलो. सोफा तिच्या बाहेर सरकवला. मी पाण्याचा ग्लास घेऊन जाताना नकळत पट्टीच्या दारातूनच आत शिरायची, भिंतीतून जायला मन धजायचं नाही. संध्याकाळी समोरून एलआरटीची छोटी ट्रेन जायची. फ्लॅटजवळ आली की तिच्या काचा आपोआप दुधाळ व्हायच्या, प्रवाशांनी घरात डोकावू नये म्हणून. तो फिकट उजेड फरशीवरून, त्या नसलेल्या भिंतींवरून सरकत जायचा. आम्ही दोघी मधोमध मांडी घालून चहा प्यायचो. मला तेलाचा आणि ओल्या मातीचा वास आल्यासारखं वाटायचं. मी कोल्हापूर पाहिलेलं नव्हतं आणि बंदूकही कधी हातात घेतली नव्हती, तरी त्या खोलीत मी सुखात होते, अगदी खरोखर.

अशाच एका संध्याकाळी मी सहज विचारलं की किल्ली कुठे ठेवणार. आबा विसराळू झालेत, असं तिच्या बोलण्यात येऊन गेलं होतं, म्हणून म्हटलं, कुठेतरी हरवायचे.

तिने चहाचा कप खाली ठेवला. मग सांगितलं. आई गेल्यापासून आबांचा दिवस मावळतीला बिनसतो. माणसं ओळखू येत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात दूधवाला, जो या घरात वर्षानुवर्षं येतोय, तो मागल्या दाराने आला आणि आबांनी चोर समजून दुनळी उचलली. नशीब, ती भरलेली नव्हती. दूधवाल्यानेच ती हातातून काढून घेतली आणि आबांना पाणी दिलं.

"आगीसाठी नाही गं ही खोली," ती म्हणाली. "आबांसाठी आहे. त्यांना आत जाता येऊ नये म्हणून."

मी म्हटलं, मग बंदुका देऊन का टाकत नाहीस? ते तिनेही हजारदा स्वतःला विचारलं होतं. कधी कधी माझं नाव विसरतात, ती म्हणाली, पण दुनळी हातात दिली की नळीला तेल कसं लावायचं ते अजून चुकत नाहीत. "तेवढं एक राहिलंय त्यांच्यात. ते पण मीच काढून घेऊ?" त्या दिवशी मला त्या निळ्या चौकोनात बसवेना.

खोली बांधली गेली. वंदूताई जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉलवरून गवंड्याला फट दाखवायची. आबा सगळ्यांत खूश. लेकीने आपल्या बंदुकांना महाल बांधला, असं ते गल्लीत सांगत फिरायचे. "एक खिडकी ठेव की, त्यांना उजेड नको का?" म्हणून हट्ट धरायचे. तिने तेवढं मानलं नाही. दार बसलं, कपाट रिकामं झालं आणि किल्ली शेजारच्या मास्तरांकडे गेली. ही चांगली व्यवस्था होती. तरी वंदूताईचं जेवण कमी झालं होतं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली शस्त्रं बाहेर काढून आबा पूजा करायचे, कधी चुकलं नव्हतं. मास्तरांनी किल्ली घेऊन यायचं ठरलं होतं, त्यांना उशीर झाला. घरकाम करणाऱ्या बाईंनी आम्हाला दिसावं म्हणून फोन समोर धरला होता. आबा धुतलेलं धोतर नेसून, तबक घेऊन बंद दारासमोर पाटावर बसले होते. आत काय आहे, ते विसरले होते की काय, कोण जाणे. त्यांनी त्या करड्या दारालाच हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ कुलपाला अडकवली आणि हात जोडले. मग फोनकडे बघून एकदम घाबऱ्या आवाजात विचारलं, "वंदे, याची किल्ली कुणाकडं हाय?"

"माझ्याकडं आहे, आबा," वंदूताई म्हणाली.

त्यांचा चेहरा निवळला. "मग घरातच हाय म्हणायची," ते म्हणाले आणि प्रसाद वाटायला उठले.

फोन बंद झाल्यावर वंदूताई बेसिनपाशी जाऊन तोंड धूत राहिली. मलाही रडू येत होतं.

त्याच आठवड्यात तिने राजीनामा दिला. मी खूप समजावलं. इथे कायम राहायचा पीआर जाईल, अशी नोकरी परत मिळायची नाही, या वयात तिकडे जाऊन काय करणार, मास्तर आहेत की. पुण्याच्या माणसाला सुचतील तेवढे सगळे मुद्दे मी मांडले. ती सुटकेस भरता भरता ऐकत होती. तिने एकही खोडून काढला नाही. झिप ओढून झाल्यावर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आबांशी जन्मात पहिल्यांदा खोटं बोललो मी, पुणेकर. आता जातो आणि ते खरं करतो."