वायर मी उपटली नव्हती

अकोल्याला नात्यात कुठलेही लग्न असो, पंगत बसली की माझे मेहुणे ती गोष्ट काढतात. त्यांच्या कथनानुसार संगणकाने इंटरनेटची परवानगी मागताच मी घाबरून वायर उपटली आणि पडद्याला कुंकू लावून हात जोडले. वाढपीसुद्धा थांबून हसतात. हे कथन साफ खोटे आहे. अमरावतीच्या कोर्टात हयात घालवलेल्या वकिलाने ते निमूट ऐकून घ्यावे, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

कुंकू दसऱ्याचे होते. वकिली सोडल्यापासून घराण्यात चालत आलेले पत्रिका मांडण्याचे काम मी संगणकावर करतो, म्हणून दसऱ्याला त्याचीच पूजा होते. त्यातला पत्रिकेचा प्रोग्राम जुना आणि इमानी. घरात इंटरनेट नव्हतेच. मुलीशी व्हिडिओवर बोलता यावे म्हणून सौभाग्यवतींनी ते घेतले, आणि मेहुण्यांनी येऊन राखणदारीसाठी एक सुरक्षेचा प्रोग्राम बसवून दिला.

त्याच वेळी एक गृहस्थ मुलीची जन्मवेळ घेऊन आले. आधीच्या स्थळाच्या वेळी तिची पत्रिका कोणीतरी व्हॉट्सॲपवर फिरवली होती. मंगळावर साऱ्या नात्याने मते दिली आणि जुळत आलेले मोडले. "वकीलसाहेब, यावेळी हे घराबाहेर जाऊ देऊ नका," ते म्हणाले. मी शब्द दिला. माहिती भरून कळ दाबली, तर राखणदाराची खिडकी उघडली: हा प्रोग्राम इंटरनेटशी जोडू पाहत आहे, परवानगी द्यायची का?

मी नकार देऊन पत्रिकेचा प्रोग्राम बंद केला.

"भाऊजी, देऊन टाका न परवानगी," मेहुणे म्हणाले. "कायले इतका विचार करून राहिले?"

"घरातला नोकर न सांगता पिशवी घेऊन निघाला, तर पिशवीत काय आहे ते मी विचारणार."

"मंग वायरस असन. सारं पुसून नव्यानं टाकू."

म्हणजे साक्षीदारालाच संपवा! मी उलटतपासणी आरंभली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मुलीचे नाव बदलले, खिडकी आली. जन्मवेळ बदलली, तरी आली. जन्मगाव वलगावच्या जागी अमरावती लिहिले, आणि पत्रिका मुकाट्याने पुढ्यात. अकोला, पातूर, चांदूर रेल्वे, सगळीकडे तेच मौन. पुन्हा वलगाव लिहिले, की खिडकी हजर.

"पाहा, तुमचीच करणी हाय," मेहुणे म्हणाले. "पोरगी अमरावतीची, त अमरावती लिहा न! वलगाव लिहिल्यानं गुरू काय पलटी खाते?"

पहिले बाळंतपण माहेरी होते, आणि मुलीच्या आईचे माहेर वलगाव. इतर ज्योतिषी जवळचे शहर लिहून मोकळे होतात. नाळ जिथे पुरली ते गाव मी बदलत नाही.

इथे सौभाग्यवती चहा घेऊन आल्या. "अवो, गावाचे ते आकडे तुमी हातानं भरत होते न? आज काहून नाही भरले?" शोध आपणच लावला असे त्या आजही सांगतात. प्रश्न त्यांचा होता, हे मान्य. परंतु चहा ठेवता ठेवता विचारलेल्या प्रश्नाला शोध म्हणत नाहीत.

लहान गावे त्या प्रोग्रामला ठाऊक नसत. मग तो चौकट काढून अक्षांश-रेखांश मला विचारी. आता घरात इंटरनेट आल्यावर मला वगळून तो बाहेर विचारायला निघाला होता! मी पुन्हा नकार दिला, पण यावेळी प्रोग्राम बंद न करता वाट पाहिली. थोड्या वेळाने ती जुनी चौकट ओशाळल्यासारखी पुढे आली. मी आकडे भरले. पत्रिका तयार झाली.

"बाहेर काय गेलं?" गृहस्थांनी संध्याकाळी विचारले.

"काहीही नाही. माझ्या निष्कर्षाप्रमाणे जाऊ पाहत होते ते तुमच्या सासुरवाडीचे नाव. मी तेही जाऊ दिले नाही."

"ते कायले अडवलं, साहेब? सासऱ्याची संत्र्याची बाग हाय, हे मीच साऱ्याइले सांगत फिरतो!"

त्या गृहस्थांच्या मुलीचे लग्न अकोल्यालाच झाले. पंगतीत मेहुण्यांनी वायरची गोष्ट काढलीच. मी भर पंगतीत बजावले, "वायर उपटली असती, तर ती परवानगीची खिडकी पुन्हा आलीच नसती."

"हव न, भाऊजी! अन् इंटरनेटच नसतं, त आकड्याची चौकट तवाच आली असती. उपटाचीच होती!"

याचे सविस्तर उत्तर माझ्याजवळ आहे. पण तेवढ्यात जिलबी आली.