बाभळीची मूठ आणि खेळाचा कीबोर्ड

वैशू, ये, जरा जवळ सरकून बस. फोनमधून कसली जवळ बसणार म्हणा, तरी बस. आणि आधी हा नाद ऐक. भिजवून वाळवलेली ज्वारी कढईत टाकावी, आच लागेतो ती मुकी राहावी, मग एक लाही फुटावी, तिच्यामागून दुसरी, आणि बघता बघता सगळी कढई बोलू लागावी, तसा हा नाद आहे. तो माझ्या बोटांखालून येतोय. तू पाठवलेल्या कीबोर्डवर मी हे लिहिते आहे आणि लिहिता लिहिता तुझ्यावर रागावतेही आहे. एवढा मोठा प्रश्न कुणी असा विचारतं का गं? सकाळी चहाच्या वेळी एक ओळ धाडलीस, ‘मावशी, खरं सांग, जास्तीचे पैसे वाया गेले का?’ आणि पुढं ते हसून हसून डोळ्यांतून पाणी गाळणारं पिवळं तोंड. मी उत्तर द्यायला चष्मा शोधेपर्यंत तू ऑफिसच्या मीटिंगात गुडूप. आता उगवशील तेव्हा उगव. तोवर मी माझ्या चालीनं सांगते, मधेच उठून जायचं नाही.

काल अक्काचाही फोन होता. माझी थोरली बहीण आणि तुझी आई, दोन्ही नात्यांचा हक्क ती एकाच दमात बजावून घेते. ‘पोरीनं खेळण्यावर पैसा घातला, आन् तू वर तिला शाबासकी देतीस व्हय?’ मी म्हटलं, ‘अक्का, खेळणं न्हाई ते.’ तर म्हणाली, ‘खोक्यावर खेळणाऱ्याचं चित्र हाय, तिनं धाडताना मी सोता बघितलंय.’ चित्र होतंच. कानांवर भले मोठे हेडफोन चढवलेला, डोळ्यांत अंगार असलेला तो गडी खोक्यावर असा काही बसला होता, की कुरियरवाल्यानं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा माझ्या नऊवारीकडं, आणि पत्ता पुन्हा वाचला.

पण त्याआधीचे दिवस आठव. माझं लिहिणं बंद पडलं होतं. शाळा लवकर सुटली तरी अक्षराचा लळा सुटला नव्हता, आणि उतारवयात एक ध्यास लागला होता की आपल्या माहेरच्या शिवारातल्या एकेका रानाच्या नावावर एकेक छोटा लेख लिहून ठेवावा. खर्ड्याच्या अलीकडचं आपलं ते गाव, तिथं एकही वावर बिननावाचं नव्हतं. आंधळ्याचं वावर, घोरपडीची पट्टी, रुसव्याचा माळ. आता सगळ्यांना गट नंबर आले. नंबर उपयोगाचा असतो, त्याच्याशी माझं भांडण नाही, पण नंबराला का कधी वास येतो? रुसव्याचा माळ म्हटलं की भर दुपारी चुलत्याशी भांडून तिथं जाऊन बसलेली माणसं दिसतात, आणि ती नावं ओळखणारी तोंडं तर वर्षागणिक कमी होत चाललीत. मी लिहायला घेतलं आणि निम्म्यात माझ्या बोटांनी दगा दिला. सांधे असे आखडले की पेन धरताच कळ मनगटापर्यंत जाई. आमच्या ह्यांच्या, म्हणजे तुझ्या काकांच्या, संगणकावर बसावं, तर त्याचा जुना कीबोर्ड असा मऊ आणि बधिर, की बटण तळाला टेकेपर्यंत दाबलं तरी अक्षर उमटेल याचा भरवसा नाही. म्हणून पुन्हा दाबावं, तर एका ‘क’च्या जागी ‘क’ची रांगच उभी. अर्ध्या पानातच बोटं ठणकू लागत. एक दिवस मी ती खुर्ची भिंतीला सरकवली आणि मनाशी म्हटलं, राहू दे आता, जेवढी नावं वाचली तेवढी वाचली.

हे मी तुला फोनवर हसत हसत सांगितलं होतं. बोट नेमकं कुठं दुखतं, बटण किती दाबावं लागतं, एवढंच तू खोदून विचारलंस, आणि मग हे खोकं आलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला खरं तर फार पूर्वीच मिळालं होतं, फक्त ते या प्रश्नाचं आहे हे ठाऊक नव्हतं. जामखेडच्या आठवडी बाजारात खुरप्यांचे दोन प्रकार मिळत. दुकानात टांगलेली खुरपी स्वस्त असत, त्यांच्या मुठींना लालभडक रंग, आणि आम्हा पोरींचा जीव त्या रंगावर. आई मात्र त्या दुकानावरून मान न वळवता पुढं जाई आणि लोहाराच्या कापडी पालापाशी बसकण मारी. त्याची खुरपी काळी, बोडकी, बाभळीच्या मुठीची, आणि महाग. आई एकेक मूठ हातात घेई, डोळे मिटून दाबी, मनगट वळवून बघी, परत ठेवी. लोहार वैतागून म्हणे, ‘बाई, खुरपं घेतीस का नवरदेव बघतीस?’ आणि आई शांतपणे म्हणे, ‘नवरदेव एकदाच धरायचा असतोय, हे रोज धरायचंय.’ सगळं पाल हसे, आम्ही लाजून मान खाली घालू, आणि आई तिला पटलेलं खुरपं घेऊनच उठे.

त्या काळ्या मुठीचं मोल कळायला पिकाची एक ओळ पुरे. सावडीला आमच्या गावच्या बाया एकमेकींच्या रानात खुरपायला जात, पण प्रत्येकीचं खुरपं तिच्यासंगं. भाकरी विसरली तर शेजारणीची अर्धी मिळे, पाणी मिळे, सावली मिळे. खुरपं मात्र कुणी कुणाला देत नसे. त्यात कंजूषपणा नव्हता बरं. वापरून वापरून मूठ त्या एका तळव्यासारखीच होऊन गेलेली असे, जिथं तिचा अंगठा तिथं खळगा, जिथं तिची करंगळी तिथं उतार. दुसरीनं धरलं की दोघींचंही नुकसान. एकदा मी लाल मुठीचा हट्ट पुरवून घेतला आणि न्याहारीच्या आतच तळव्याला फोड आले. तेव्हा अक्कानं आपलं खुरपं पुढं केलं, तर आईनं हात आडवा धरला. ‘तिचं तिला, तुझं तुला,’ एवढंच म्हणाली. मला ते फार कठोर वाटलं होतं. पण कठोर कसं म्हणावं? हत्यार आणि हात यांचं एक मुकं सख्य असतं, आणि ते रंगावर जमत नाही, स्पर्शावर जमतं, हे तिला शब्दांवाचून ठाऊक होतं.

आणि एवढं सगळं पाहिलेल्या तुझ्या मावशीच्या घरात तुझ्या कीबोर्डचं काय झालं? ती फजिती तुला पाठ आहे, तरी सांगतेच. आमच्या घराला झाकण्याची भारी हौस. टीव्हीचा रिमोट आला त्या पिशवीतच म्हातारा झाला, मिक्सरला झालरीचं कुंचडं आहे, आणि शेजारच्यांच्या नव्या ट्रॅक्टरच्या सीटवरचं प्लास्टिक उन्हानं तडकून आपणहून गळालं तेव्हाच निघालं. त्यात होळीनंतरचा आपल्याकडचा फुफाटा. सकाळी पुसलेल्या फळीवर दुपारी बोटानं नाव लिहावं. तुझा कीबोर्ड आला तसे काका वह्यांना घालायचं जाड प्लास्टिक घेऊन आले आणि त्यांनी तो असा गच्च बांधला, चहूबाजूंनी चिकटपट्टी लावली, की दाबलेलं बटण वर यायला कुरकुर करी. मी त्यावर लिहीत राहिले. बोटं तशीच ठणकत. तू विचारलंस, ‘कसा आहे?’ मी तुझं मन राखायला म्हटलं, ‘बरा हाय गं, पण जुन्यापरीस काही येगळा न्हाई वाटत.’ तू ‘बरं’ म्हणून फोन ठेवलास. ते तुझं ‘बरं’ मला आठवडाभर सलत होतं. पोरीनं हौसेनं दिलं आणि माझ्या बोटांना त्याची किंमत कळेना, असं वाटून मी स्वतःलाच बोल लावत होते.

मग तो व्हिडिओ कॉल. तू मधेच म्हणालीस, ‘मावशी, ते चकाकतंय काय?’ मी म्हटलं, ‘कव्हर. काकांनी घातलंय.’ तू आधी डोक्याला हात लावलास आणि मग असं हसलीस की तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी गोळा झाल्या. काका मागून बाणेदारपणे म्हणाले, ‘वस्तू महाग हाय, धूळ गेली तर कोण भरून देणार?’ तू म्हणालीस, ‘काका, धूळ ब्रशनं झाडता येते. ज्याच्यासाठी जास्तीचे पैसे दिले ते तुम्ही झाकून ठेवलंय.’ काकांनी कात्री आणली. चेहरा असा, जणू गाईचं वासरू विकायला निघालेत.

प्लास्टिक निघालं आणि मी एक बटण दाबलं. काय सांगू तुला? ते निम्म्यावरच बोललं. तळाला जायची गरजच नाही. अलगद एक टिचकी लागते, बोटाला कळतं, कानाला कळतं, अक्षर समोर उभं राहतं आणि बटण आपणहून बोटाला वर ढकलतं, जणू म्हणतं, ‘झालं तुझं काम, जा पुढं.’ त्या एवढ्याशा उभारीवर माझं सगळं दुखणं तोललं गेलं. मी डोळे मिटले, आई पालात मिटायची तसे, आणि पुन्हा दाबलं. ही बाभळीची मूठ होती.

आता खरं सांग म्हणालीस, तर सगळंच खरं सांगते. ते रंगीत दिवे म्हणजे निव्वळ लाल रंगाची मूठ. मी बटणांवर मराठी अक्षरांच्या चिकट्या डकवल्यात, त्यामुळं उजेड बिचारा अक्षरांतून येतच नाही, दाराच्या फटींतून यावा तसा कडांनी डोकावतो. काकांना मात्र तो आवडतो. हिरवा लावून ठेवतात आणि म्हणतात, ‘घर कसं भरल्यावानी वाटतंय.’ वाटू दे. आणि कीबोर्डासंगं आलेला तो माऊस! पहिल्या दिवशी मी त्याला नुसतं शिवले तर बाण दावं तोडलेल्या कालवडीसारखा पडद्याच्या पार पलीकडं. कुशीला दोन जादा बटणं, त्यांवर अंगठा पडला की उघडलेलं पान गायब. तू सांगितलंस तसं मधलं बटण दाबून त्याची चाल धीमी केली, मग माणसात आला. पण मला विचारशील तर पानावर इथून तिथं जायला जुना माऊस पुरत होता. त्याच्यावरचे जास्तीचे पैसे माझ्यापुरते वायाच. काकांनी तो पळवलाय. संगणकावर कॅरम खेळतात, आणि सोंगटी गेली की शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्यानं ‘गेली!’ म्हणतात. म्हणजे खोक्यावरचा तो गडी अगदीच चुकीच्या पत्त्यावर आला नव्हता. तुमच्या खेळात निमिषाचा फरक जीवघेणा असतो म्हणे, तेव्हा तुझ्या हाताला तो माऊस शोभतही असेल.

मग महाग ते चांगलं का? तसं नाही गं. ज्याची बोटं तरणी आहेत आणि ज्याला आठवड्याकाठी एखादा अर्ज लिहायचा आहे, त्यानं साधाच घ्यावा आणि उरलेल्या पैशांची पुरणपोळी खावी. प्रश्न वस्तूच्या किमतीचा नसतोच. कुणाचा हात, कोणतं काम, आणि ते काम किती जिवाचं, असा तो असतो. अडचण एवढीच की लोहाराची मूठ दाबून बघता येते, खोक्यावरचं चित्र दाबून बघता येत नाही. तू माझ्या बोटांचं ऐकून घेतलंस, दुकानाचं नाही, म्हणून तुझी निवड बरोबर ठरली. तुझ्यात आई आली आहे, वैशू, आणि ते तुला ठाऊकही नाही.

त्या दिवसापासून खुर्ची भिंतीपाशी गेलेली नाही. सकाळची कामं उरकली की मी बसते आणि कढई बोलू लागते. घोरपडीची पट्टी झाली, रुसव्याचा माळ झाला, ओढ्याकाठची सगळी रानं झाली. बोटं अजून दुखतात, खोटं कशाला बोलू, पण आता दुखण्याच्या आधी पान संपतं. एकच नाव राहिलंय, न्याहारीचं वावर. ते मी तीनदा सुरू केलं आणि तीनदा पुसलं, कारण त्याला हे नाव का पडलं ते मला माहीत नाही. मी धाकटी. त्या रानात भाकरीची पाटी घेऊन जायची ती तुझी आई. तिला विचारलं तर म्हणते, ‘सांगीन कवातरी, आता मला कुठं लिव्हवतंय? हात बघ माझं.’ हात मी बघितलेत. माझेच हात आहेत ते, तेच खुरपणं, तेच सांधे, फक्त माझ्याआधी आखडलेले.

म्हणून आता माझी मागणी ऐक. नागपंचमी जवळ आली आहे. त्या दिवशी आपल्याकडं चिरत नाहीत, खणत नाहीत, खुरप्यालाही विसावा असतो. तिला घेऊन ये. पुण्याहून जामखेड काही परमुलूख नाही, सकाळी निघालात तर जेवायला पोचाल. लाह्या मी आदल्या दिवशी फोडून ठेवीन. मग आपण अक्काला या खुर्चीत बसवू. ती म्हणेल, खेळणं हाय, मला नको. म्हणू दे. तू तिचा हात धरून पहिलं बटण दाबून दाखव, बाकीचं ते बटणच तिला सांगेल. न्याहारीचं वावर तिच्या बोटांनी लिहिलं जाऊ दे, चुकत माकत, एक ओळ झाली तरी चालेल, पुढची पुढल्या खेपेला.

आईनं तेव्हा हात आडवा धरला होता आणि तिचं बरोबरच होतं. पण अक्काचं पुढं आलेलं ते खुरपं माझ्या डोळ्यांपुढून कधी हललं नाही. आता माझी पाळी आहे. वरचं प्लास्टिक काढलेलं आहे, धूळ मी रोज ब्रशनं झाडते, आणि खुर्चीवर तिच्यासाठी उशी ठेवली आहे. लवकर या गं दोघी.