साडूंच्या गाडीची थरथर

परवा तासगावहून परतताना माझ्या गाडीने ऐंशीचा वेग गाठला आणि स्टिअरिंग थरथरू लागले. मागे साडू बसले होते. मला त्यांची पहिली गाडी आठवली.

ती आली तेव्हा आम्ही नवरा-बायको एसटीने फिरत होतो. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, गाडी थेट तासगावच्या ओल्या द्राक्षबागेत नेऊन पुजली, तिला झेंडूचा हार घातला. लग्नात मलाही एवढा जाड हार मिळाला नव्हता. दुसऱ्या दिवशी साडू आम्हाला साताऱ्याला सोडायला निघाले. कराड मागे पडले, काटा ऐंशीवर गेला आणि गाडी थरथरू लागली, खालून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. वेग कमी केला की सगळे शांत. साडूंचा चेहरा उतरला. मागच्या सीटवर मला इतके सुख कधी लाभले नव्हते.

"इंजिनच गेलं असणार," मी गंभीरपणे म्हणालो. मला सायकलची चेनही बसवता येत नव्हती.

साडूंनी गाडी थांबवली. माझी बायको उतरून चाकाशी वाकली. "आवं दाजी, आबांचं निम्मं रान चाकात घेऊन निघालाय व्हय?"

रिमच्या आत एका बाजूला बागेतला चिखल वाळून दगड झाला होता. तिने तो काठीने पाडला. पुढे गाडी अशी पळाली की साडू शीळ घालू लागले आणि माझा प्रवास बेचव झाला.

परवा मीही बागेतूनच निघालो होतो. चिखलच असणार, हे दोघांनाही ठाऊक होते. साडू मागून गंभीरपणे म्हणाले, "इंजिनच गेलं असणार."

आरशात त्यांचे डोळे दिसले. ते सुख माझ्या ओळखीचे होते.